न्यूक्लिअर मेडिसिनच्या ब्लड टेस्टचं बिलिंग आणि कोडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, नवी मुंबई, नागपूर इथे रात्रपाळीत अमेरिकन हॉस्पिटल आणि डॉक्टरांचे क्लेम करणारी आपली बरीच मंडळी आहेत, त्यांच्याकडून हे प्रश्न सारखे येतात. ब्लड व्हॉल्यूमची टेस्ट रोज येत नाही, महिन्यातून एखादी केस येते आणि तेव्हा नेमका कोणता कोड ते आठवत नाही, मग मागच्या क्लेमवरून कॉपी होतो आणि चूक पुढे पुढे जात राहते. म्हणून सगळं एका जागी लिहिलंय. हे सगळं अमेरिकेतल्या बिलिंगचं आहे, भारताबद्दलचा एक प्रश्न खाली वेगळा घेतलाय.

न्यूक्लिअर मेडिसिनची ब्लड टेस्ट म्हणजे काय? साध्या ब्लड टेस्टपेक्षा वेगळं काय असतं?

साध्या टेस्टमध्ये रक्त काढलं, लॅबला दिलं, संपलं. इथे आधी पेशंटच्या शिरेत अगदी थोडं रेडिओअॅक्टिव्ह औषध सोडतात, ते रक्तात मिसळू देतात, मग ठरावीक वेळाने सँपल काढून गॅमा काउंटरवर मोजतात. पिंपात किती पाणी आहे ते पिंप रिकामं न करता सांगायचं असेल तर मोजून चमचाभर रंग टाकायचा, ढवळायचं आणि रंग किती फिका झाला ते बघायचं, तसंच हे आहे. औषध जेवढं जास्त पातळ झालं तेवढं रक्त जास्त. कॅमेरा नाही, स्कॅन नाही, फोटो नाही, पण औषध शरीरात गेलं म्हणून ही न्यूक्लिअर मेडिसिन. कोडिंगचं सगळं गणित या एकाच गोष्टीवर उभं आहे, औषध पेशंटच्या अंगात गेलं की नाही आणि गेल्यावर नेमकं काय मोजलं.

यात मुख्य सीपीटी कोड कोणते येतात?

सीपीटी म्हणजे अमेरिकेत प्रत्येक टेस्ट आणि उपचाराला दिलेला ठरलेला आकडा. ७८११० म्हणजे प्लाझ्मा व्हॉल्यूम (रक्तातला पेशी सोडून उरलेला द्रव किती आहे ते), एकच सँपल. ७८१११ म्हणजे तेच पण अनेक सँपल. ७८१२० म्हणजे रेड सेल व्हॉल्यूम, एकच सँपल आणि ७८१२१ अनेक सँपल. ७८१२२ म्हणजे पूर्ण रक्ताचं व्हॉल्यूम, ज्यात प्लाझ्मा आणि रेड सेल दोन्ही वेगवेगळे मोजलेले असतात. याशिवाय ७८१३० म्हणजे लाल पेशी किती दिवस टिकतात त्याचा अभ्यास, ७८१४० म्हणजे लेबल केलेल्या लाल पेशी कुठल्या अवयवात अडकतात ते आणि ७८१९१ म्हणजे प्लेटलेट किती टिकतात ते. रोजच्या कामात पहिले पाचच लागतात, बाकीचे क्वचित.

पाच वेळा रक्त काढलं तर पाच युनिट लावायचे ना?

नाही, एकच युनिट (युनिट म्हणजे क्लेमवर तो कोड किती वेळा मोजायचा तो आकडा). "अनेक सँपल" हे कोडच्या वर्णनातच आहे म्हणजे दोन काढा नाहीतर सहा काढा, कोड एकदाच. सध्या जास्त चालणाऱ्या ऑटोमॅटिक पद्धतीत इंजेक्शनच्या आधी एक सँपल घेतात आणि नंतर साधारण १२, १८, २४, ३०, ३६ मिनिटांना घेतात, कारण अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन, त्यालाच रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन लावलेलं असतं) हळूहळू शिरेबाहेर झिरपत असतं आणि त्या सगळ्या आकड्यांवरून रेघ मागे नेऊन शून्य मिनिटाला काय असेल ते काढतात. नोटमध्ये या वेळा लिहिलेल्या दिसल्या की सिंगल सँपलचा कोड आपोआप बाद होतो. आधीचं बेसलाइन सँपल मात्र "अनेक" मध्ये मोजू नका. बेसलाइन आणि नंतर फक्त एक असेल तर ते सिंगलच.

आमच्या टीममध्ये सगळ्यात जास्त वाद यावर होतो: ७८१११ लावायचा की ७८१२२?

वाद होणं बरोबर आहे, कारण रिपोर्टमध्ये तिन्ही आकडे छापलेले असतात, प्लाझ्मा व्हॉल्यूम, रेड सेल व्हॉल्यूम आणि टोटल ब्लड व्हॉल्यूम, आणि ते बघून हात आपोआप ७८१२२ कडे जातो. पण ७८१२२ चं वर्णन नीट वाचा, त्यात प्लाझ्मा आणि रेड सेल यांचं वेगवेगळं मोजमाप असं म्हटलंय. जुन्या पूर्ण पद्धतीत दोन औषधं असायची, प्लाझ्मासाठी आयोडीन लावलेलं अल्ब्युमिन आणि लाल पेशींसाठी क्रोमियम ५१ किंवा टेक्नेशियम लावलेल्या पेशी, दोन्ही खरोखर मोजलेले. ती केस असेल तर ७८१२२, डोळे मिटून.

आता जर फक्त अल्ब्युमिन दिलं असेल, प्लाझ्मा मोजला असेल आणि रेड सेल व्हॉल्यूम हेमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत तो आकडा) वापरून गणिताने काढलं असेल तर माझं मत असं की वर्णनाच्या शब्दांना धरून ७८१११ जास्त सुरक्षित बसतो, कारण मोजलं एकच आणि दुसरं काढलं. पण याला दुसरी बाजूही आहे, काही ठिकाणी डॉक्टर आणि बिलिंगवाले म्हणतात की हेमॅटोक्रिटही वेगळं मोजलेलं आहे आणि रिपोर्ट पूर्ण रक्ताचा आहे म्हणून ७८१२२. त्यामुळे तीन गोष्टी करा. एक, पेअरची म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपनीची किंवा योजनेची लेखी पॉलिसी किंवा लोकल कव्हरेज डॉक्युमेंट आहे का ते बघा, असेल तर तेच चालेल. दोन, क्लायंटच्या कंप्लायन्स टीमकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी किंवा चॅटवरचं नको. तीन, एकदा ठरलं की त्या क्लायंटसाठी सगळ्यांनी तेच लावा. एकाच सेंटरचे तसलेच रिपोर्ट अर्धे ७८१११ आणि अर्धे ७८१२२ ने गेले तर ऑडिटमध्ये तेच सगळ्यात आधी दिसतं, आणि तेव्हा उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही.

दोन्ही एकत्र लावायचा प्रश्नच नाही, ७८१२२ च्या पोटात प्लाझ्मा आणि रेड सेल दोन्ही आलेच.

औषधाचा वेगळा कोड लावतात का? युनिट कसे काढायचे?

हो, हा एचसीपीसीएसच्या (औषधं, सामान वगैरेंच्या अमेरिकन कोडची यादी) ए सीरिजमधला कोड असतो. आयोडीन १३१ अल्ब्युमिनला ए९५२४, आयोडीन १२५ अल्ब्युमिनला ए९५३२, दोन्ही दर ५ मायक्रोक्युरीला एक युनिट. म्हणजे २५ मायक्रोक्युरी दिले तर ५ युनिट. इथे लोक १ युनिट टाकून मोकळे होतात कारण एकच इंजेक्शन होतं, आणि पैसे तिथेच जातात. उलट क्रोमियम ५१ चा ए९५५३ आणि टेक्नेशियम लावलेल्या लाल पेशींचा ए९५६० हे "पर स्टडी डोस" आहेत, क्रोमियम २५० मायक्रोक्युरीपर्यंत आणि टेक्नेशियम ३० मिलिक्युरीपर्यंत, तिथे एकच युनिट.

आणखी एक जागा जिथे घसरायला होतं ती म्हणजे ब्रँडचं नाव. मेगाटोप आणि व्हॉल्युमेक्स हे आयोडीन १३१ वाले, जीनाटोप हा आयोडीन १२५ वाला. नावं कानाला सारखी वाटतात पण कोड वेगळा. नोटमध्ये नुसतं "रेडिओआयोडिनेटेड अल्ब्युमिन" लिहिलं असेल तर अंदाज करू नका, न्यूक्लिअर फार्मसीचं लेबल किंवा डोस लॉग मागवा, त्यावर आयसोटोप, मोजलेली अॅक्टिव्हिटी आणि वेळ सगळं असतं.

रिपोर्टमध्ये मायक्रोक्युरी नाहीच, किलोबेकरेल लिहिलंय, मग काय?

१ मायक्रोक्युरी म्हणजे ३७ किलोबेकरेल. ९२५ असेल तर ३७ ने भागा, २५ येतात, त्याचे वरच्यासारखे ५ युनिट. मिलिक्युरी दिसलं तर १ मिलिक्युरी म्हणजे १००० मायक्रोक्युरी हे लक्षात ठेवा, एक शून्य इकडेतिकडे झालं तर क्लेम थेट जास्तीत जास्त युनिटच्या मर्यादेवर आपटतो. आणि जो डोस पेशंटला खरोखर दिला तोच धरायचा, ऑर्डर केलेला नाही. आयोडीन १३१ चं अर्धआयुष्य साधारण ८ दिवस आहे त्यामुळे फार्मसीतून निघताना आणि टोचताना आकडा वेगळा असू शकतो.

रक्त काढल्याचा ३६४१५ आणि इंजेक्शनचा कोड वेगळा लावू का?

इंजेक्शनचा तर नाहीच. न्यूक्लिअर मेडिसिनच्या टेस्टमध्ये औषध सोडणं आणि त्यासाठी शिरेत सुई किंवा कॅन्युला घालणं हे टेस्टचाच भाग आहे असं एनसीसीआयचं (कोणते कोड एकत्र चालत नाहीत हे सांगणारे सरकारी नियम) धोरण स्पष्ट आहे, म्हणून ३६००० किंवा ९६३७४ सारखे कोड सोबत जात नाहीत. टेस्टसाठी जी सँपल काढली तीसुद्धा टेस्टमध्येच आली. मॉडिफायर ५९ (मॉडिफायर म्हणजे कोडमागे जोडायची दोन अक्षरांची खूण) लावून एडिट म्हणजे दोन कोड एकत्र न चालण्याची अट तोडायचा मोह होतो, सुपरवायझरही कधीकधी "लावून बघ" म्हणतात, पण ५९ म्हणजे ती सर्व्हिस खरंच वेगळी होती असं तुम्ही लिहून देताय. त्याच व्हिजिटमध्ये दुसऱ्याच कारणासाठी दुसऱ्या जागेवरून रक्त काढलं, त्याची वेगळी ऑर्डर आहे, तर गोष्ट वेगळी.

हेमॅटोक्रिट केलं होतं, त्याचे पैसे मिळतील?

ब्लड व्हॉल्यूमच्या गणितासाठी जे हेमॅटोक्रिट केलं ते टेस्टची एक पायरी आहे, वेगळं लावू नका. डॉक्टरांनी त्याच दिवशी स्वतंत्र सीबीसी मागवली असेल आणि तिचा वेगळा रिझल्ट चार्टमध्ये असेल तर ८५०२५ लॅबकडून जाईल, त्याचा या टेस्टशी संबंध नाही. टेस्टच्या आधी थायरॉइडचं रक्षण म्हणून पेशंटला आयोडीनचे थेंब पाजतात, त्याचाही इथे वेगळा कोड शोधत बसू नका.

२६ आणि टीसी कधी?

हे दोन मॉडिफायर आहेत, २६ म्हणजे फक्त डॉक्टरांचं वाचन आणि टीसी म्हणजे फक्त टेक्निकल बाजू, मशीन आणि टेक्निशियन. डॉक्टरांच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये मशीनही त्यांचं, टेक्निशियनही त्यांचा आणि रिपोर्टही त्यांनीच वाचला तर ग्लोबल, कुठलाच मॉडिफायर नाही, प्लेस ऑफ सर्व्हिस (टेस्ट कुठे झाली त्याचा कोड) ११. हॉस्पिटलमध्ये झाली तर डॉक्टर फक्त २६ लावणार, टेक्निकल बाजू हॉस्पिटलची. टीसी हा हॉस्पिटलच्या क्लेमवर लावायचा नसतो हे नवीन मुलांना बरेचदा सांगावं लागतं. २६ साठी सही केलेला वेगळा लेखी रिपोर्ट हवा, मशीनमधून निघालेली प्रिंट चार्टला लावली आणि खाली "रिव्ह्यूड" लिहिलं एवढ्यावर २६ उभा राहत नाही.

हॉस्पिटल आउटपेशंटला रेव्हेन्यू कोड कोणता आणि औषधाचे पैसे वेगळे मिळतात का?

रेव्हेन्यू कोड म्हणजे हॉस्पिटलच्या बिलात खर्च कुठल्या विभागाचा ते सांगणारा कोड. टेस्टला ०३४१, डायग्नोस्टिक औषधाला ०३४३. मेडिकेअर (अमेरिकेची सरकारी विमा योजना, मुख्यतः ज्येष्ठांसाठी) आउटपेशंटमध्ये २००८ पासून डायग्नोस्टिक रेडिओफार्मास्युटिकलचे पैसे टेस्टच्या पैशातच धरलेले होते. १ जानेवारी २०२५ पासून एक बदल आला, ज्या औषधाचा दर दिवसाचा खर्च ठरलेल्या रकमेच्या वर असेल त्याचे वेगळे पैसे द्यायला सुरुवात झाली, २०२५ साठी ती रक्कम ६३० डॉलर होती आणि ती दर वर्षी बदलते. तुमच्या औषधाचा स्टेटस त्या तिमाहीच्या अडेंडम बी (मेडिकेअरची कोडनिहाय यादी) मध्ये बघायचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि पैसे वेगळे मिळणार नसले तरी ए कोड चार्जसकट क्लेमवर टाकाच, कारण पुढच्या वर्षाचे दर याच क्लेमच्या आकड्यांवरून ठरतात.

पेशंट अॅडमिट असेल तर?

मेडिकेअरमध्ये हॉस्पिटलला डीआरजीचे (आजारानुसार ठरलेली एकगठ्ठा रक्कम) पैसे मिळतात, त्यात टेस्ट आणि औषध दोन्ही आले. डॉक्टरांचं वाचन २६ सह वेगळं जातं, प्लेस ऑफ सर्व्हिस २१. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला अॅडमिट असताना ही टेस्ट होते, कारण अंगात पाणी नेमकं किती साठलंय त्यावर लघवीच्या औषधाचा डोस ठरतो.

रेडिओलॉजीचा कोड आहे मग क्लिया नंबर का मागतात?

क्लिया म्हणजे सँपलवर टेस्ट करणाऱ्या लॅबला लागणारं अमेरिकन सरकारचं प्रमाणपत्र. नंबर मागतात कारण टेस्ट शेवटी रक्ताच्या सँपलवरच होते. सीएमएसची (मेडिकेअर चालवणारी सरकारी संस्था) क्लियाखाली येणाऱ्या कोडची यादी फक्त ८०००० पासून सुरू होत नाही, त्यात मोहस सर्जरीचे १७३११ वगैरे पण आहेत आणि ७८११० पासूनचे हे व्हॉल्यूमचे कोडही असतात. यादी दर वर्षी येते, चालू वर्षाची उघडून बघा. पेपर क्लेमवर हा नंबर २३ नंबरच्या रकान्यात जातो. त्याच रकान्यात प्रायर ऑथोरायझेशन (विम्याकडून आधी घेतलेली परवानगी) नंबरही जातो म्हणून गोंधळ होतो, इलेक्ट्रॉनिक क्लेममध्ये दोघांना वेगळी जागा आहे, क्लियाला आरईएफ मध्ये एक्स४ आणि ऑथोरायझेशनला जी१. नंबर राहिला की सीओ १६ (सीओ वाले कोड क्लेम का नाकारला ते सांगतात, १६ म्हणजे माहिती अपुरी) सोबत एमए१२० रिमार्क घेऊन क्लेम परत येतो. असा क्लेम दुरुस्त करून परत पाठवायचा, अपील करत बसायचं नाही.

डायग्नोसिस कोड कोणते लागतात?

लागतात तेवढेच जे चार्टमध्ये आहेत, यादी बघून उलटं जाऊ नका. नेहमी दिसणारे म्हणजे पॉलिसायथेमिया व्हेरा (लाल पेशी बेसुमार वाढण्याचा आजार) डी४५, सेकंडरी पॉलिसायथेमिया डी७५.१, हार्ट फेल्युअरचे आय५० मधले, फ्लुइड ओव्हरलोड ई८७.७०, हायपोव्होलेमिया ई८६.१, उभं राहिल्यावर बीपी पडणं आय९५.१, चक्कर येऊन पडणं आर५५, सोडियम कमी होणं ई८७.१ आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून पॉट्ससाठी (उभं राहिल्यावर हृदयाचे ठोके खूप वाढणं) जी९०.ए.

डी४५ आणि डी७५.१ यातला फरक या टेस्टसाठी फार महत्त्वाचा आहे. हिमोग्लोबिन जास्त दिसण्याची दोन कारणं असू शकतात, लाल पेशी खरंच वाढल्या किंवा प्लाझ्मा कमी झाल्यामुळे रक्त नुसतं घट्ट झालं, आणि ही टेस्ट तेच वेगळं करून दाखवते. प्लाझ्मा कमी झाल्यामुळे दिसणारा पॉलिसायथेमिया डी७५.१ मध्येच येतो. डी४५ हा कॅन्सरच्या जातीचा रक्ताचा आजार म्हणून नोंदला जातो, निओप्लाझमच्या चॅप्टरमध्ये आहे. ऑर्डरवर "पॉलिसायथेमिया" एवढंच असताना घाईत डी४५ टाकला तर त्या माणसाच्या रेकॉर्डवर तो आजार कायमचा बसतो, पुढे लाइफ इन्शुरन्स घेताना त्याला ते भोवू शकतं. एक क्षण थांबून रिपोर्ट वाचला की हे टळतं.

ऑर्डरवर "रूल आउट पॉलिसायथेमिया व्हेरा" लिहिलंय, मग डी४५ चालेल ना?

आउटपेशंटमध्ये नाही. रूल आउट, प्रॉबेबल, सस्पेक्टेड, असं काहीही लिहिलेलं असलं तर आउटपेशंटला तो आजार कोड करता येत नाही, लक्षण कोड करायचं, जसं धाप लागते तर आर०६.०२, सूज आहे तर आर६०.९. मात्र टेस्ट डॉक्टरांनी वाचली, फायनल रिपोर्ट कोडिंग करताना तुमच्या हातात आहे आणि त्यात निदान पक्कं लिहिलंय तर ते पक्कं निदान घ्या. हॉस्पिटलच्या इनपेशंट क्लेमचा नियम वेगळा आहे, तिथे डिस्चार्जच्या वेळी "प्रॉबेबल" असलं तरी झालंय असं समजून कोड करतात. दोन्ही टीममध्ये काम केलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

टेस्ट सोमवारी झाली, रिपोर्ट बुधवारी वाचला. डेट ऑफ सर्व्हिस कुठली?

टेक्निकलला पेशंटला टेस्ट झाली तो दिवस, म्हणजे सोमवार. २६ ला वाचन पूर्ण झालं तो दिवस, बुधवार. ग्लोबल असेल तर मेडिकेअर दोन्हीपैकी कुठलाही चालवतं पण मग क्लायंटसोबत एक ठरवून घ्या. लाल पेशींच्या आयुष्याची ७८१३० ची टेस्ट अनेक दिवस चालते, पेशंट परत परत सँपल द्यायला येतो, तरीही कोड एकदाच, प्रत्येक फेरीला नाही.

किडनीची जीएफआर टेस्ट पण रक्त काढून करतात, ती यातच का?

जात तीच, कोड वेगळा. जीएफआर म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते तो आकडा. औषध टोचून काही तासांनी रक्त काढून जीएफआर काढला आणि फोटो घेतले नाहीत तर ७८७२५. औषध टेक्नेशियम डीटीपीए असेल तर ए९५३९, आयोडीन १२५ आयोथॅलामेट असेल तर ए९५५४. कॅमेऱ्याखाली किडनीचा स्कॅन केला आणि त्यातूनच जीएफआर काढला तर ७८७०७ ते ७८७०९ मधला, औषध देऊन हस्तक्षेप केला का त्यावर ठरतो. क्रिॲटिनिनवरून लॅबने छापलेला ईजीएफआर हा यातला काहीच नाही. किडनी दान करणाऱ्याची ही टेस्ट झाली असेल तर बिल दात्याच्या इन्शुरन्सला सरळ पाठवू नका, आधी ट्रान्सप्लांट सेंटरला विचारा, दात्याच्या तपासण्यांचा खर्च बरेचदा सेंटरकडून जातो.

डब्ल्यूबीसी स्कॅन, मुगा आणि आरआयए या पण न्यूक्लिअर ब्लड टेस्टच ना?

डब्ल्यूबीसी स्कॅनमध्ये रक्त काढतात, पांढऱ्या पेशींना लेबल लावतात, परत सोडतात पण शेवटी फोटो काढतात. म्हणजे इमेजिंग, ७८८०० च्या घरातले कोड. जुने ७८८०५ ते ७८८०७ २०२० मध्ये गेले, ते कोणाच्या चीट शीटवर असतील तर आजच खोडा. मुगा (हृदय किती रक्त पंप करतं ते बघणारा स्कॅन) ७८४७२, तोही इमेजिंग. पोटातला रक्तस्राव शोधायचा लाल पेशींचा स्कॅन ७८२७८.

आरआयए (रेडिओइम्युनोअसे) मध्ये उलट आहे, रेडिओअॅक्टिव्ह पदार्थ फक्त टेस्ट ट्यूबमध्ये असतो, पेशंटच्या अंगात काहीच जात नाही. म्हणून तो लॅबचाच कोड, जे मोजलं त्याचा, टीएसएच ८४४४३, टोटल टी४ ८४४३६. ए सीरिजचा औषधाचा कोड इथे लागत नाही.

इंजेक्शन शिरेबाहेर गेलं आणि टेस्ट सोडून दिली, बिल करायचं का?

औषध शिरेत नीट गेलं नाही तर गणितच चुकतं, म्हणून चांगलं सेंटर टेस्ट तिथेच थांबवतं. काय झालं ते नोटमध्ये लिहिलेलं असेल तर परिस्थितीप्रमाणे, पेशंटच्या तब्येतीमुळे डॉक्टरांनी थांबवली तर मॉडिफायर ५३, काम कमी झालं तर ५२, हॉस्पिटलला भूल नसलेल्या टेस्टला ५२. पण चूक सेंटरची असेल आणि पेशंटला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून पूर्ण टेस्ट केली तर पहिल्या प्रयत्नाचं बिल पेशंटच्या माथी मारू नये, असं मला मनापासून वाटतं, आणि क्लायंटला तसं लेखी विचारायला घाबरू नका.

त्याच दिवशी वैद्यकीय गरजेने टेस्ट खरंच दोनदा झाली, म्हणजे उपचाराआधी आणि नंतर, तर दुसऱ्याला मॉडिफायर ७६, डॉक्टर वेगळे असतील तर ७७.

सारखे कुठले डिनायल येतात?

सीओ ५० म्हणजे वैद्यकीय गरज पटली नाही. इथे कोड बदलून परत पाठवणं हा उपाय नाही, डॉक्टरांची नोट काढा, त्यात टेस्टमुळे उपचारात काय ठरणार होतं ते लिहिलेलं असेल तर ते जोडून अपील करा. मेडिकेअरला पहिल्या पायरीच्या अपीलला निर्णय मिळाल्यापासून १२० दिवस असतात. सीओ ११ म्हणजे डायग्नोसिस आणि टेस्ट जुळत नाही, बहुतेक वेळा ऑर्डरवरचं निदान क्लेमवर आलंच नाही असं निघतं. सीओ ९७ म्हणजे दुसऱ्या कोडमध्ये आलंय, याचं उत्तर वर इंजेक्शनच्या प्रश्नात आहे. सीओ १६ साठी क्लियाचा प्रश्न बघा, तसंच १७ नंबरच्या रकान्यात ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरचं नाव, डीके (ऑर्डर देणारा अशी खूण) आणि एनपीआय (डॉक्टरचा ओळख नंबर) आहे का तेही. सीओ २९ आला तर मुदत गेली, मेडिकेअरला सर्व्हिसच्या दिवसापासून एक कॅलेंडर वर्ष.

माझे सासरे न्यू जर्सीला आहेत, मेडिकेअर आहे. ब्लड टेस्टला कधी पैसे लागत नाहीत, मग या टेस्टचं २० टक्के बिल का आलं?

हा प्रश्न कोडरचा नाही पण इतक्यांनी विचारलाय की घेतलाच. साध्या लॅब टेस्टला मेडिकेअर पार्ट बी मध्ये पेशंटचा वाटा शून्य असतो. ही टेस्ट नावाने ब्लड टेस्ट असली तरी तिचे पैसे लॅबच्या दरपत्रकातून येत नाहीत, डॉक्टरांच्या दरपत्रकातून येतात, म्हणून आधी वर्षाचं डिडक्टिबल (विम्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम), २०२५ मध्ये ते २५७ डॉलर होतं, आणि मग २० टक्के. हॉस्पिटलमध्ये झाली तर हॉस्पिटलचा आणि डॉक्टरांचा असे दोन वेगळे वाटे येतात, तो डबल चार्ज नाही. सप्लिमेंट पॉलिसी असेल तर ती बहुधा हे भरते. तरीही एक बघून घ्या, स्टेटमेंटवर पीआर (पेशंटची जबाबदारी) लिहिलेली रक्कमच पेशंटने द्यायची असते, सीओ (करारामुळे सेंटरने सोडायची) लिहिलेली नाही. सीओची रक्कम पेशंटकडे मागितली असेल तर बिलिंग ऑफिसला फोन करा आणि मेडिकेअरचा कागद हातात धरून बोला.

मेडिकेअर पैसे देणार नाही अशी शंका आधीच असेल तर सेंटरने टेस्टच्या आधी एबीएन फॉर्मवर (पैसे तुम्हाला भरावे लागतील अशी लेखी सूचना) सही घ्यायला हवी आणि क्लेमवर जीए मॉडिफायर लावायला हवा. सही नाही आणि गरज पटली नाही म्हणून क्लेम नाकारला, तर ते पैसे साधारणपणे पेशंटकडून घेता येत नाहीत.

कोड दर वर्षी बदलतात का? कधी तपासायचं?

सीपीटी १ जानेवारीला, आयसीडी म्हणजे डायग्नोसिसचे कोड १ ऑक्टोबरला आणि थोडं १ एप्रिलला, एचसीपीसीएस आणि एनसीसीआय दर तिमाहीला. या कुटुंबात छोटे छोटे कोड गळत जातात, जसं ७८१३५ हा २०२१ मध्ये गेला. कोड जिवंत होता की नाही ते सर्व्हिसच्या तारखेवर बघायचं, क्लेम पाठवायच्या तारखेवर नाही.

भारतात ही टेस्ट केली तर हेच कोड?

नाही. इथे सीपीटीवर बिल बनत नाही, हॉस्पिटलचा स्वतःचा दर किंवा सीजीएचएससारख्या योजनेचा ठरलेला दर असतो. कॅशलेस क्लेमच्या फॉर्ममध्ये हॉस्पिटलच्या भागात आयसीडी १० चा कोड विचारतात. आपल्याकडे रक्ताच्या सँपलवरची डीटीपीए जीएफआर जास्त माहितीची आहे. अमेरिकेच्या प्रवासी विम्यासाठी भारतातले कागद द्यायचे असतील तर तपशीलवार बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी द्या, स्वतः सीपीटी कोड लिहून देऊ नका.

रिपोर्टचा फोटो पाठवतो, कोड सांगाल का?

नका पाठवू, खरंच. नाव झाकलं तरी जन्मतारीख, रेकॉर्ड नंबर, टेस्टची तारीख राहून जाते आणि हिपा या अमेरिकेच्या पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यात यातली प्रत्येक गोष्ट ओळख पटवणारी माहिती धरली जाते. कंपनीचा स्क्रीन मोबाइलवर काढला एवढ्यावरच नोकरी जाऊ शकते. प्रश्न शब्दात विचारा: औषध कुठलं, किती मायक्रोक्युरी, इंजेक्शननंतर किती सँपल, रेड सेल मोजले की गणिताने काढले, फोटो घेतले का, टेस्ट कुठे झाली आणि पेअर कोण. एवढं कळलं की उत्तर देता येतं, पेशंट कोण आहे ते कळायची गरज पडत नाही.